अण्णा डॉक्टरचं ऐकत नाहीत, पाराचं ऐकतात. काय करू?

लेथवाला_कुपवाड (रविवार, रात्री ११.४०)

नमस्कार मंडळी. इथं बरेच दिवस नुसता वाचत असतो, लिहायची ही पहिलीच वेळ. गोळी कुठली चांगली हे विचारायला आलेलो नाही, ते डॉक्टर बघतील. माझं अडलंय ते बोलण्यापाशी.

मी कुपवाड एमआयडीसीत लेथवर आहे. घर पलूस तालुक्यात, कृष्णेच्या काठाला. सुट्टीला गावी जातो. घरी अण्णा, आई, थोरला भाऊ, वहिनी, त्यांची दोन पोरं. अण्णांचं वय ६४. तरुणपणी तालमीत होते, कुंडलच्या मैदानात लढलेत. (किती वेळा पडले ते सांगत नाहीत. एकाला आस्मान दाखवलं तेवढंच सांगतात, आणि दरवेळी तो समोरचा गडी दहा किलोनं वाढलेला असतो.) तालीम सुटून चाळीस वर्षं झाली, खुराक काही सुटला नाही.

२०१७ ला पायाच्या अंगठ्यात उसाचं धसकट घुसलं. महिना झाला तरी जखम भरेना, तेव्हा शुगर निघाली. पुढच्या वर्षी बीपी. तेव्हापासून आजवर गोळ्या तीनदा सुटल्या आणि तिन्ही वेळा कारण वेगळं.

पहिल्यांदा २०१९ च्या पुरात. ऑगस्टमध्ये पाणी दारात आलं तसं जनावरांची दावी सोडली आणि अंगावरच्या कपड्यांनिशी बाहेर पडलो. बारा दिवस एका शाळेत होतो. गोळ्यांचा डबा पाण्यात गेला. छावणीत खिचडी, बिस्किटं, लोकांनी ट्रक भरून पाठवलेले लाडू. अण्णांना काहीही झालं नाही. म्हणजे त्यांना काही जाणवलं नाही. घरी आल्यावर चिखल उपसता उपसता म्हणाले, "बारा दिस गोळी न्हवती. मेलो काय?" ह्या वाक्याला माझ्याकडं आजही उत्तर नाही. "दिसत नाही, पण आतून होतंय" असं सांगायला गेलो की माझा मलाच मी विमा विकायला आल्यासारखा वाटतो.

दुसऱ्यांदा आषाढी एकादशीला. सकाळी गोळी घेतली, उपवास म्हणून दुपारपर्यंत नुसता चहा. देवळात दरदरून घाम फुटला आणि खाली बसले. चार माणसांनी धरून घरी आणलं. पैलवान माणसाला चार माणसांनी धरून आणलं, हे गावात आठवडाभर फिरत होतं. "गोळीनं चक्कर आणली" म्हणून गोळी बंद.

तिसऱ्यांदा यंदा, तात्यांमुळं. पारावर तात्यांचा शब्द म्हणजे शेवटचा. सोयरीक, मोजणी, बैलाचा सौदा, कशातही त्यांचं मत लागतं. त्यांच्या मेव्हण्यांना शुगर होती, गोळ्या चालू होत्या, पुढं किडन्या गेल्या, मिरजेत डायलिसिस झालं, शेवटी गेले. तात्यांनी हिशेब लावला की गोळ्यांनीच किडन्या गेल्या. पारावरच्या तिघांनी त्याच आठवड्यात गोळ्या सोडल्या. त्यात आमचे अण्णा. मागच्या महिन्यात तीन महिन्यांची सरासरी शुगर (एचबीए१सी) ९.८ आली, म्हणजे बरीच वर.

मी काय काय केलं ते सांगतो, म्हणजे कुठं चुकतोय ते तुम्हाला दिसेल.

आधी व्हिडिओ पाठवले. सडलेले पाय, "ही चूक करू नका" वाले. अण्णांनी एक उघडला नाही. आईनं सगळे बघितले आणि दोन दिवस नीट जेवली नाही.

मग रजा टाकून एका मोठ्या डॉक्टरांकडं नेलं. दोन तास बसलो, आत पाच मिनिटं. डॉक्टर हुशार असणार, शंका नाही, पण सगळा वेळ माझ्याकडं बघून बोलत होते, ते पण अर्धं इंग्रजीत. गोड बंद, भात बंद, बटाटा बंद, तंबाखू बंद. अण्णा शेजारच्या खुर्चीत मांडीवर हात ठेवून बसलेले, जणू मी माझी गाडी सर्व्हिसिंगला आणलीय. बाहेर आल्यावर म्हणाले, "त्यो माझ्यासंगं बोललाच न्हाई. तुझ्यासंगं बोलला. मग तूच घे गोळ्या."

आणि मग मी शेण खाल्लं. पुतण्याच्या वाढदिवसाला अण्णांच्या हातातला केकचा तुकडा काढून घेतला. समोर वहिनी, वहिनीच्या माहेरची माणसं. अण्णा एक शब्द बोलले नाहीत, टॉवेल खांद्यावर टाकून रानात गेले. दुसऱ्या दिवसापासून घरातला चहा बंद, टपरीवर सुरू. आता दिवसाला किती साखर पोटात जाते ते आम्हाला कळतसुद्धा नाही.

साखरेचं आमच्याकडं आणखी एक आहे. आम्ही कारखान्याचे सभासद. दिवाळीच्या तोंडावर सवलतीच्या दरातली साखर येते, ती आणायला अण्णा स्वतः जातात आणि पोतं स्वतःच्या खांद्यावरनं आत आणतात. मी एकदा म्हटलं, यंदा नको आणूया. तर म्हणाले, "ह्याच साखरंवर तुझं आयटीआय झालंय." खोटं नाही. ज्या उसावर घर उभं राहिलं त्याच्या रसाला त्यांच्या तोंडावर विष कुणी म्हणायचं? आणि बिनसाखरेचा चहा पुढं केला तर, "घरात कोण मेलंय काय?"

आईचं वेगळंच. तव्यावर तंबाखू भाजल्याचा वास आला की आमच्या घरात सकाळ झाली. परसदारच्या पायरीवर आई आणि शेजारची अक्का, अर्धा तास मिश्री लावत बसतात. बीपी आईलाही निघालंय. सोड म्हटलं तर म्हणते, "मग सकाळचं पोट कसं साफ हुणार? आणि अक्कासंगं बोलू कवा?"

माहिती कमी पडतेय असं मला वाटत नाही. अण्णांना सगळं पाठ आहे, दुसऱ्याला सल्ला देताना मी ऐकलंय. मग अडतंय कुठं?

---

निसर्गमित्र_९९ (सोमवार, सकाळी ६.०५)

दादा, तात्या बरोबर बोलतात. गोळ्या म्हणजे विषच. सकाळी अनशापोटी कारल्याचा रस आणि जांभळाच्या बियांची पूड द्या. साखर बंद करून सेंद्रिय गूळ सुरू करा, गुळानं शुगर वाढत नाही. आमच्या मामांची शुगर २१ दिवसांत गेली. जास्तीत जास्त लोकांना पाठवा.

---

औषधवाला_मिरज (सोमवार, दुपारी ३.२०)

आधी गुळाचं उरकतो. गुळात मुख्यतः सुक्रोज असतं, साखरेत असतं तेच. थोडं लोह, थोडी खनिजं, वास छान. रक्तात गेल्यावर कोण गुऱ्हाळातून आलं आणि कोण कारखान्यातून, हे कुणी विचारत नाही. कारल्याची भाजी जरूर खा. गोळीच्या जागी नको.

आता तात्या. माझ्या काउंटरवर आठवड्याला तीन-चार जण हाच हिशेब मांडतात आणि मी त्यांना वेड्यात काढत नाही, कारण डोळ्यांना तसंच दिसतं. शुगर निघाली, गोळ्या लागल्या, दहा वर्षांनी किडनी गेली. मधली दहा वर्षं रक्तात साखर किती होती ते कुणी बघितलेलं नसतं. गोळ्यांचं पाकीट मात्र रोज उशाला असतं, मग आळ त्याच्यावर. त्यात आणखी एक गंमत आहे. किडनी अशक्त झाली की डॉक्टर मेटफॉर्मिन ही शुगरची गोळी कमी करतात किंवा थांबवतात. ते औषध किडनीवाटेच बाहेर पडतं, तिला ते जमेनासं झालं तर अंगात साठतं, म्हणून. मेटफॉर्मिननं किडनी जाते असं नाही. पण घरची माणसं ऐकतात काय? "किडनीमुळं डॉक्टरनीच ती गोळी बंद केली." हे वाक्य पारावर पोचेपर्यंत त्याचं काय होत असेल ते तुम्ही बघितलंच आहे. वाढलेली साखर आणि वाढलेलं बीपी, किडनी खाणारे हे दोघे. तात्यांच्या मेव्हण्यांना बीपी होतं का, आणि किती वर्षं, एवढं विचारून बघा. भांडू नका, नुसतं विचारा.

एकादशीच्या बाबतीत अण्णा बरोबर आहेत, हे त्यांना कुणी सांगितलं का? ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेऊन पोट रिकामं ठेवलं तर साखर धाडकन खाली येते. घाम, थरथर, चक्कर, डोळ्यांपुढं अंधार. अशा वेळी उलट चटकन साखर किंवा सरबत द्यायचं असतं. म्हणजे चक्कर गोळीनंच आली, त्यांनी ओळखलं ते खरं होतं. चुकलं ते गोळी आणि उपवासाचं गणित. डॉक्टरांना "मी महिन्याला दोन एकादशा करतो" हे कुणी सांगितलेलं नसतं, कारण ते रागावतील. आणि डॉक्टरांनी विचारलेलं नसतं, कारण बाहेर चाळीस माणसं बसलेली असतात. उपवासाच्या दिवशी कुठली गोळी कधी घ्यायची किंवा गाळायची, हे ठरवून देता येतं. तुमचं तुम्ही ठरवू नका, विचारून घ्या.

पुराचं उत्तर असं द्या. लघवी वाढणं, तहान लागणं, हे जाणवायला साखर बरीच वर जावी लागते, साधारण १८० च्या पुढं गेल्यावर ती लघवीत उतरायला लागते. बीपीचं तर तेवढंही नाही. १७० बीपी घेऊन माणसं ऊस तोडतात. म्हणून "मला काही होत नाही" ह्याच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही. साखर मोजायचं मशीन घ्या आणि त्यांच्या हातात द्या. तुम्ही मोजू नका, त्यांनाच मोजू दे.

---

निवृत्त_वाहक_सातारा (सोमवार, रात्री ९.१०)

बाळा, मी तुझ्या अण्णांच्या बाजूनं बोलतो. इथं त्या बाजूनं बोलायला कोण नाही.

वय ६८. शुगर २००९ पासून. एसटीत वाहक होतो. पहिली चार वर्षं मी डॉक्टरांशी धडधडीत खोटं बोललो. गोड खाता का? नाही. चालता का? रोज. तपासणीच्या आधी दोन दिवस कारलं-मेथी, तिसऱ्या दिवशी उपाशीपोटी शुगर झकास. डॉक्टर खूश, मी खूश. मग त्यांनी ती तीन महिन्यांची तपासणी करायला लावली आणि सगळं भांडं फुटलं. तरी ते डॉक्टर हसले. म्हणाले, "कंडक्टर, विनातिकीट किती दिवस?" ते रागावले असते तर मी डॉक्टर बदलला असता.

खोटं का बोललो? मुक्कामी गाडी माहीत आहे ना? रात्री गावात थांबायची, पहाटे निघायची. त्या गावातली माणसं अंधारात चहा घेऊन यायची. कधी कुणाच्या घरचं जेवण, वर गोड. त्यांना "नको" म्हटलं की चहाला नको म्हटलं असं होत नाही, त्या माणसाला नको म्हटलं असं होतं. तीस वर्षं मी तो चहा प्यायलोय. आणि एक दिवस तिथं उभं राहून "मला शुगर आहे" म्हणायचं?

तुम्हा पोरांना "पथ्य" हा साधा शब्द वाटतो. आम्हाला तो असा ऐकू येतो: पथ्य म्हणजे आजारी, आजारी म्हणजे म्हातारा, आणि म्हातारा म्हणजे घरात कुणी काही विचारायचं बंद. अण्णांना तुझा ९.८ भीती घालत नाही. त्यांना कोपऱ्यातली खाट दिसते. तू केक काढून घेतलास ना, ते पोतं खांद्यावरनं आणणाऱ्या माणसाच्या हातातनं काढून घेतलास. आणि सोयऱ्यांसमोर.

माझं कसं सुटलं ते सांगतो, तुला उपयोगी पडेल न पडेल. आमच्या टोळक्यातल्या एकाची बायपास झाली. तो बरा होऊन आला आणि डॉक्टरनी त्याला चालायला सांगितलं होतं. एकटा कशाला जाईल, म्हणून आम्ही चौघं त्याच्याबरोबर. सकाळी सहाला निघून टेकडीवरच्या 'चार भिंती'पर्यंत. मी माझ्या शुगरसाठी चालतोय हे मी स्वतःलासुद्धा सांगितलं नव्हतं, मी त्याला सोबत करत होतो. जो येत नाही त्याच्या दारात जाऊन आम्ही मोठ्यानं हाका मारतो, सगळी आळी उठते, त्या लाजेनं माणूस येतो. उतरल्यावर टपरी. तिथल्या पोरानं एक दिवस न विचारता पाच कप बिनसाखरेचे ठेवले, म्हणाला बायपासवाल्या काकांना एकट्याला वेगळा कसा देऊ. झालं. आता दोन वर्षं तोच चहा.

कंदी पेढा मी सोडलेला नाही. साताऱ्यात राहून सोडला म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नये. अर्धा खातो आणि घरात सांगून खातो. बायको ओरडत नाही म्हणून सांगतो. ओरडली तर पूर्ण खाईन आणि सांगणार नाही.

---

आशा_कोरेगाव (मंगळवार, दुपारी २.४५)

दादा, मी आशा कार्यकर्ती आहे, कोरेगाव तालुक्यात. अण्णांचं वरच्या काकांनी सांगितलंच. मी तुमच्या आईंचं बोलते, त्यांचं कोणी मनावरच घेतलं नाही.

तीस वर्षांवरच्या सगळ्यांचा आम्ही एक फॉर्म भरतो, सीबॅक म्हणतात. वय, तंबाखू, दारू, कंबर किती, चालणं-काम किती, घरात कुणाला बीपी-शुगर आहे का. चारच्या वर गुण गेले की त्यांना तपासणीला आधी पाठवायचं. कागदावर सोपं आहे. पण परक्या बाप्याची कंबर मी कशी मोजू? टेप मी त्याच्या बायकोच्या हातात देते. ती हसते, तो लाजतो, पोरं जमतात. त्या हसण्यात पुढचे सगळे प्रश्न खरे खरे भरून होतात.

मिश्रीचं तसं नाही. सासूसमोर सुनेला विचारलं "मिश्री लावता का?" तर नाही. सुनेसमोर सासूला विचारलं तरी नाही. पहिली दोन वर्षं माझ्या फॉर्मवर गावात कुणीच मिश्री लावत नव्हतं आणि सकाळी गल्लीतनं जाताना भाजल्याचा वास घराघरातनं. मग मी प्रश्न बदलला. आता विचारते, "मिश्री घरी भाजता का पुडी आणता?" लगेच उत्तर येतं, वर कुठल्या दुकानातली चांगली तेही येतं. दिवसातनं किती वेळा, पहिल्यांदा कधी लावली, सगळं. बहुतेकींना पहिल्यांदा आईनं किंवा सासूनंच दिलेली असते, दातदुखीला नाहीतर पहिल्या खेपेला मळमळत होतं म्हणून. त्या खेपेला तर मुळीच लावू नये, बाळ वजनानं कमी भरतं. पण देणारी मायेनं देते. तिला वाईट म्हणून कसं चालेल?

पोट साफ होतं म्हणतात ते खरं आहे, मनाचे खेळ नाहीत. तंबाखूतल्या निकोटीननं आतडं हलतं. सोडल्यावर पहिले दोन-तीन आठवडे पोट धरतं, चिडचिड होते, झोप उडते. हे आधीच सांगून ठेवा, नाहीतर चौथ्या दिवशी "मला सोसत न्हाई" म्हणून परत डबी उघडतात. सकाळी कोमट पाणी, जेवणात पालेभाजी, भाकरी, ताक. तरी अडलं तर उपकेंद्रात सांगा. एकदम जमत नसेल तर दिवसातल्या वेळा कमी करत आणा, सकाळची शेवटी. १८००-११-२३५६ हा तंबाखू सोडण्यासाठीचा सरकारी फुकट नंबर आहे, पण खरं सांगू, आमच्याकडच्या बायका फोनवर अनोळखी माणसाशी बोलत नाहीत. त्यांना समोर माणूस लागतं.

म्हणून एकट्या आईंना सांगू नका. अक्कांनाही घ्या. आई सोडतील, पायरीवर बसतील, अक्का डबी पुढं करतील, संपलं. दोघींनी मिळून सोडलं तर टिकतं, मी दोन जोड्या बघितल्या आहेत. तिसरी जोडी सहा महिन्यांनी परत लागली, तेही सांगते. आणि दोघींच्या तोंडात एकदा बघून घ्या. पांढरा किंवा लाल चट्टा, न भरणारी जखम, तोंड उघडायला त्रास, असलं काही असेल तर थांबू नका.

आमच्या आशांमधल्यासुद्धा काही जणी लावतात. मीटिंगला निघायच्या आधी. फॉर्म भरणारीच्याच तोंडात मिश्री, आता कुणी कुणाला काय बोलायचं.

---

जुना_मास्तर_विटा (मंगळवार, रात्री १०.३०)

आशाताई म्हणतात ते आकड्यांतही दिसतं. २०१६-१७ च्या तंबाखूच्या देशव्यापी पाहणीत महाराष्ट्रातल्या १७ टक्के बायका तंबाखू वापरतात असं आलं आणि त्यात ओढणाऱ्या अगदी थोड्या. बाकीची सगळी मिश्री, तपकीर, तंबाखू-चुना. विडी ओढणारी बाई लगेच नजरेत येते. मिश्रीला तर आपण दात घासणंच म्हणतो.

लेथवाले, तुमच्या साखरेच्या पोत्यावरून एक आठवलं. फिनलंडच्या पूर्वेला नॉर्थ कारेलिया म्हणून प्रांत आहे. तिथले पुरुष भर उमेदीत हृदयविकारानं जात होते, जगात फार कमी ठिकाणी इतके. सगळा दुधाचा मुलूख. ब्रेडवर लोणी, कॉफीत साय, मीठ भरपूर, वर सिगारेट. आपला ऊस तसं त्यांचं लोणी, घर त्याच्यावरच चालायचं. लोकांनी सरकारकडं अर्ज केला की काहीतरी करा. १९७२ मध्ये काम सुरू झालं, पेक्का पुस्का नावाचा तरुण डॉक्टर पुढं होता. पत्रकं वाटली, पण तेवढ्यावर थांबले नाहीत. गावात ज्यांचं ऐकतात अशी माणसं शोधून त्यांना शिकवलं. मार्था नावाची गृहिणींची संघटना होती, त्या बायकांनी गावोगाव जमून नेहमीचेच पदार्थ कमी लोणी, कमी मीठ घालून करून दाखवले. दूधवाले अर्थातच चिडले. पुढं तिथल्या शेतकऱ्यांना बेरीच्या लागवडीकडं वळवायचे प्रयत्न झाले. चाळीस वर्षांत तिथल्या मधल्या वयाच्या पुरुषांचे हृदयविकाराचे मृत्यू ८० टक्क्यांहून अधिक घटले. ह्यातलं श्रेय त्या प्रकल्पाचं किती यावर वाद आहेत, कारण शेजारच्या भागातही घट झालीच. पण "ज्यांचं ऐकतात ती माणसं आधी" एवढं घेण्यासारखं आहे. म्हणजे तुमचे तात्या.

उसाच्या जागी इथं काय लावायचं ते मला विचारू नका. मीही सभासद आहे.

---

लेथवाला_कुपवाड (तीन आठवड्यांनी, रविवार, रात्री १२.१५)

सगळ्यांना उत्तर द्यायला उशीर झाला, माफ करा. सेकंड शिफ्ट होती.

वाहक काकांचं वाचून दोन दिवस डोकं जड होतं. आमच्यात माफी वगैरे मागायची पद्धत नाही. अण्णांना गाडीवर बसवून रानात नेलं, मोटार सुरू केली आणि बांधावर बसल्यावर म्हटलं, "एकादशीला तुमचंच बरोबर हुतं. चक्कर गोळीनंच आली." अण्णा बराच वेळ पाटाच्या पाण्याकडं बघत राहिले. मग, "मी म्हटलंवतं की." त्यानंतर आपणहून विचारलं, मग उपवासाला काय करायचं? सात वर्षांत पहिल्यांदा.

मोठ्या डॉक्टरांकडं परत गेलो नाही. गावातल्या उपकेंद्रात मॅडम आहेत, त्यांच्याकडं गेलो आणि मी बाहेर बाकड्यावर बसलो. हे फार अवघड गेलं, सारखं आत डोकवावंसं वाटत होतं. मॅडमचा पहिला प्रश्न ऐकू आला, "पैलवान, वजन किती गटात लढायचा?" वीस मिनिटांनी अण्णा कागद घेऊन बाहेर आले आणि कागद मला न दाखवता खिशात घातला. तिथून प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांनी एकादशीचं वेळापत्रक लिहून दिलंय, ते मला वहिनीकडनं कळलं. सकाळची गोळी चालू आहे. रात्रीची कधी कधी राहते.

चहा अजून टपरीवरच होतो. घरी परत आलेला नाही.

मशीन आणून दिलं. दोन दिवस कपाटावर होतं. तिसऱ्या दिवशी अण्णा ते घेऊन पारावर गेले आणि मोजायची स्पर्धाच लावली. पाच जणांनी बोटं टोचली. अण्णांची २६४ आली, सगळ्यात जास्त, आणि भाऊ सांगत होता की त्यांनी ती मैदान मारल्यासारखी सगळ्यांना दाखवली. मी फोनवर ओरडणार होतो, ओरडलो नाही. आठवड्यानं २०१ आली तेव्हा तीही दाखवली. एका म्हाताऱ्यांना शुगर आहे हे त्या दिवशीच कळलं, तीन वर्षं पायाला मुंग्या येतात म्हणून तेल लावत होते.

तात्यांनी मात्र बोट पुढं केलं नाही. "मला काय धाड भरलीय" म्हणाले. मेव्हण्यांच्या बीपीचं मी विचारलं, भांडलो नाही. "हुतं की, लई वर्सं. त्याच्या गोळ्या कुठं खायचा त्यो." एवढं बोलून तात्याच गप्प झाले. आणि चार दिवसांनी रात्री साडेनऊला आमच्या परसदारानं आले. आई म्हणते अण्णांनी दिवा बारीक केला आणि दोघं गोठ्यात गेले, मशीन घेऊन. किती आली ते अण्णांनी कुणाला सांगितलेलं नाही. मी विचारलं तर म्हणाले, "तात्याचं तात्यापाशी."

आईचं काही जमलं नाही. अक्का तयार होईनात. आईनं तीन दिवस सोडली, चौथ्या दिवशी पोट धरलं, पाचव्या दिवशी तवा चुलीवर. पण दुपारची लावत नाही म्हणते. तोंड मॅडमनी बघितलं, दोघींचं. अक्कांना सांगलीला दाखवायला सांगितलंय. अजून गेल्या नाहीत, येत्या गुरुवारी मीच घेऊन जाणार आहे.

---

औषधवाला_मिरज (सोमवार, सकाळी १०.००)

पारावर पाच जणांनी टोचून घेतलं म्हणता. सुई प्रत्येकाला नवी लावली ना? एकाच्या रक्ताची सुई दुसऱ्याला लागली तर कावीळ बी, सी पसरते, आणि ते टोचायचं पेनसुद्धा एकानंच वापरायचं असतं. एकच वापरली असेल तर लपवू नका, पाचही जणांची तपासणी करून घ्या.

---

लेथवाला_कुपवाड (सोमवार, दुपारी १.१०)

पहिल्या दिवशी नाही लावली. माझीच चूक, मशीन दिलं आणि हे सांगितलंच नाही. जेवणाच्या सुट्टीत मॅडमना फोन केला, पाचही जणांचं रक्त त्या बुधवारी घेणार आहेत. एकदाच टोचून फेकायच्या सुयांचा शंभरचा डबा भावानं आज आणला. पैसे तात्यांनी दिले. कुणाला सांगू नको म्हणालेत.